सोळाला हात लावायचा न्हाय

संग्रामनं खुर्चीत बसताक्षणी माउस असा काही ओढला, की तानाबाईला तिथंच कळलं, गडी घाईचा आहे. घाईची माणसं तिला लांबनं ओळखू यायची. म्हैस धुताना पाठीवर बादली ओततात आणि पोट तसंच चिखलाचं ठेवतात, त्यातली ही जात.

"मावशी, जरा बाजूला बसा," संग्राम म्हणाला. "वायरीत पाय अडकंल."

"मी तुझी मावशी न्हवं. तुझी आई माझी भन न्हाय. ह्या संस्थेची अध्यक्ष हाय मी. आनि खोलीत खुर्ची एकच हाय, तिच्यावर तू बसलायस."

संग्राम उठला. तानाबाई खुर्चीत बसली. तो बिचारा दुधाच्या पालथ्या कॅनवर बसून कळफलकापर्यंत हात लांबवू लागला. संस्थेचा सचिव यल्लाप्पा भिंतीला टेकून उभा होता. त्याला हसू फुटलं होतं, ते त्यानं खोकल्यावर नेलं.

शिरोळ तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, आणि गावातल्या बायकांची ही दूध संस्था. एका खोलीत फॅट बघायचं मशीन, वजनकाटा आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. दुधाचं काम तो करायचाच, पण गावाचा जीव त्याच्यावर होता तो दुसऱ्याच गोष्टीपायी. पावसाळ्यात घाटावर पाणी चढायला लागलं, की केरबा नावाडी बुडालेल्या पायरीचा आकडा आपल्या फोनवर दाबायचा आणि इथनं तीनशे बारा घरांत एकदम फोन वाजायचा. फोनवर तानाबाई बोलायची. खुद्द नाही, भरून ठेवलेला आवाज. पायऱ्या वरनं मोजायच्या. पाणी पाचवीला लागलं की जनावरं हलवायची, दुसरीला लागलं की माणसं. गाव त्याला हाक म्हणायचं.

एकोणीस सालच्या पुरात फोनवर मेसेज आलेच नव्हते असं नाही. आलेले. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, म्हणून आलेले. लोक राहिले की सतर्क. दारात उभे राहून सतर्कपणे पाणी बघत राहिले. तानाबाईच्या दावणीची तीन जनावरं त्या सतर्कपणात गेली.

पुढं मुलाचं, धैर्यशीलचं लग्न झालं. तो शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. सून निशा, गडमुडशिंगीची, कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकलेली. घरात आल्यावर आठवडाभर ती सासूचा सकाळचा आवाज ऐकत होती. तानाबाई दारात उभी राहून एकदा ओरडली, की गल्लीच्या त्या टोकाला आडवी लावलेली मोटारसायकलसुद्धा कुणीतरी मुकाट बाजूला घ्यायचं. आठव्या दिवशी निशा म्हणाली, "आत्ती, तुमचा आवाज मला द्या." आणि हाक तयार झाली. गेल्या तीन पावसाळ्यांत ती चार वेळा गेली, आणि खालच्या गल्लीतलं एक रेडकूसुद्धा वाहून गेलं नाही.

आता घोटाळा असा झाला होता. हाकेचा प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालायचा, त्याला नोड म्हणतात. निशानं सासूला सांगितलं होतं, प्रोग्राम म्हणजे संसार आणि नोड म्हणजे घर. हे घर सोळा नंबरचं. फोन लावून देणारी जी कंपनी होती, तिनं कळवलं, की सोळातल्यांचे फोन पहिल्या तारखेपासनं आम्ही लावणार नाही, बावीस नंबरच्यात राहायला जा. निशा माहेरी होती बाळंतपणाला. धैर्यशील तिला रविवारी गाडीनं आणणार, तासाभरात काम उरकून परत सोडणार, असं ठरलेलं. पण बाळ पंधरा दिवस आधी आलं. आज बाळाचा सहावा दिवस, मुदत काल संपलेली, आणि सकाळीच केरबा सांगून गेला होता की आठवी पायरी बुडाली, वरनं धरणातनं पाणी सोडलंय, उद्या काही खरं नाही.

म्हणून यल्लाप्पानं तालुक्याच्या गावातनं कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या ह्या संग्रामला आणला.

संग्रामनं सोळाच्या शेजारी बावीस बसवलं. एवढं त्यानं चटकन केलं. मग हाक चालू करायला गेला, तर पडद्यावर ओळ आली. हे सापडत नाही. परत केलं, परत तेच.

"काय सापडत न्हाय?" तानाबाईनं विचारलं.

"पॅकेजं," संग्राम म्हणाला. "तुमच्या सुनबाईंनी लागंल तसं एकेक सामान आनून सोळात बसवलेलं. बावीस कोरं हाय. नवं व्हर्जन टाकलं म्हनून जुन्यातलं सामान आपोआप चालत येत न्हाय त्यात."

"मग आन की."

"आनतो. हाय काय त्यात." त्यानं सोळातला सामानाचा सगळा फोल्डर धरला आणि तसाच्या तसा उचलून बावीसमध्ये टाकला. तुळतुळीत दाढीवरनं हात फिरवला आणि बटण दाबलं. आता एका ओळीच्या जागी पडदाभर लाल अक्षरं आली.

अर्धा तास तो त्या लाल अक्षरांशी भांडला. मग कॅनवरनं उठून म्हणाला, "न्हाय व्हायचं. जुनं नव्यात येत न्हाय. हे सोळा काढून टाकतो, नुसता कचरा. बावीसवर माझं ॲप बसवतो. त्यात आवाज तयारच मिळतो, मशीनचा. अकरा वाजता कमिटी बसनार हाय न्हवं, तवा कागदावर सही करा, बारा वाजता तुमचं काम चालू." आणि बोलता बोलता त्याचा हात माउसकडं गेलासुद्धा.

तानाबाईनं माउस उचलून मांडीवर घेतला.

"सोळाला हात लावायचा न्हाय."

"अहो, त्याचा आता उपेग काय?"

"उपेग मला विचारू नगंस. मी घर बदललेली बाई हाय."

ते खरंच होतं. पुरानंतर नदीकाठचं घर सोडून ती वर माळावर राहायला गेली, तेव्हा तिनं एक नेम घातला होता. नव्या घरात पहिली भाकरी भाजून होईपर्यंत जुन्या घरातलं काही टाकायचं नाही, मोडायचं नाही, खिळासुद्धा उपटायचा नाही. भाऊबंद हसले. मग नव्या घरात भाकरी करायला बसल्यावर तवा सापडेना, मीठ सापडेना, आणि हसणारेच जुन्या घराकडं तीन खेपा पळाले. धैर्यशीलनं तेव्हा आणखी एक शहाणपण केलं होतं. आईला आवडते म्हणून जुनी मातीची चूल बुडातनं खणून काढली आणि अख्खी ट्रॉलीत ठेवली. पहिल्याच वळणाला तिचे चार तुकडे. तानाबाईनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. माती कालवली, वितीनं जुनं माप धरलं आणि नव्या जागी नवी चूल घातली.

"अकरा वाजता येतो," संग्राम म्हणाला. "तवर तुम्ही विचार करा."

"च्या पिऊन ये. विचार करायला मला इतका वेळ लागत न्हाय."

तो गेल्यावर तिनं आपला फोन यल्लाप्पाकडं दिला आणि निशाला लावायला सांगितलं. यल्लाप्पा घुटमळला. "तानाक्का, बाळंतीण हाय ती. शालूबाई फोन दील तिच्या हातात?"

शालूबाई म्हणजे निशाची आई. दोघी विहिणींचं बोलणं गेले दोन महिने बंद होतं. ओटीभरणाच्या जेवणात तानाबाईनं गडमुडशिंगीच्या पुरणपोळ्यांना चारचौघांत जाड म्हटलं होतं.

"लाव म्हनलं की लावायचा," तानाबाई म्हणाली.

फोन शालूबाईनंच उचलला. "कोन? विहीणबाई? बरी सवड झाली."

"निशाला द्या जरा. काम हाय."

"सहावा दिस हाय तिचा. बारा दिस फोन बगायचा न्हाय. डोळ्यांवर ताण येतोय बाळंतिणीच्या."

"डोळं मिटून घीऊ दे. मला तिचं कान पायजेत आनि तोंड पायजे. डोळं हितं हायत माझं."

मग शालूबाई म्हणाली, "आधी एक सांगा. पोळ्या जाड हुत्या?"

यल्लाप्पानं मान खाली घातली. समोर अकराची कमिटी, मागं आठवी पायरी. तानाबाईनं पदर सारखा केला.

"जाड हुत्या," ती म्हणाली. "पर चार खाल्ल्या मी. दुसऱ्याच्यात एक खात न्हाय."

पलीकडं शालूबाई हसली असावी, कारण लगेच तिचा आवाज लांब गेला. "घे गं. तुझी सासू हाय. डोळं उघडलंस तर फोन काढून घीन."

निशाचा आवाज आला, पेंगुळलेला. तानाबाईनं काय काय झालं ते सांगितलं. फोल्डर अख्खा उचलून टाकल्याचं ऐकताच सून जागी झाली.

"आत्ती, तसं उचलून चालत न्हाय. त्यातलं दोन-तीन नग सोळाच्या मापानं जागच्या जागी घडवलेलं असत्यात. बावीसमधी उचलून ठेवलं तर बसत न्हाईत."

"म्हंजे चूल," तानाबाई म्हणाली.

"काय?"

"चूल उचलून न्ह्यायची नस्ती. माप घ्यायचं आनि तिथं नवी घालायची."

"व्हय, तेच," निशा म्हणाली. "सोळात काय काय बसवलंय त्याची नावं काढायची. मग तीच नावं सांगून बावीसमधी नव्यानं बसवायची. सोळा अजून हाय का काढलं त्यानं?"

"हाय. माउस माझ्या मांडीवर हाय."

निशानं मोठा सुस्कारा सोडला. "मग यादी मिळती. यल्लाप्पामामांना बसवा कॉम्प्युटरवर, मी सांगतो."

यल्लाप्पा दोन पावलं मागं सरला. "मी न्हाय बसनार. संस्थेचं यंत्र हाय. बिघडलं तर सगळी माझ्या अंगावर येत्याल. वाचून दावतो म्हना तर वाचतो."

"वाच तू," तानाबाई म्हणाली. "बटनं मी दाबतो." आणि कळफलक पुढ्यात ओढला.

दुसरीपर्यंत शिकलेली बाई. त्यातही दुसरीचं अर्धं वर्ष म्हशीमागं गेलेलं. मराठी वाचता यायचं बोट ठेवून, आकडे मात्र तिला कुठल्याही लिपीतले यायचे, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांवरनं. इंग्रजी अक्षरं तिला मोजून दोन माहीत होती.

"आत्ती, एन दाबा."

"एन कसा असतोय?"

"एम माहीत हाय न्हवं? ट्रॅक्टरच्या पाटीवर, एमएच नऊ."

"चाळीस वर्सं बगतोय."

"त्या एमच्या शेजारीच. दोन खांब, मधी वरनं खाली एक तिरकी तुळई."

तानाबाईचं बोट कळफलकावरनं फिरलं आणि एनवर उतरलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं. यल्लाप्पा म्हणाला, "आलं."

"आता व्ही. नुसती शिंगं."

"म्हैस न्हाय?"

"म्हैस न्हाय, नुसती शिंगं."

असं चाललं. पी म्हणजे उभा माणूस, पोट पुढं आलेला. तानाबाईनं यल्लाप्पाकडं एकदा बघितलं आणि पी लगेच सापडला. एस म्हणजे साप, यू म्हणजे घमेलं, एल म्हणजे बसून पाय पसरलेली म्हातारी. आधी बावीस पाडून परत कोरं बांधून घेतलं, संग्रामनं ओतलेलं सगळं त्यातनं निघालं. पाडायचं म्हटल्यावर तानाबाईचं बोट थांबलं होतं. तिनं दोनदा विचारलं, बावीसच ना. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, मगच मोठं बटण दाबलं.

मग सोळाला यादी विचारली. एकाखाली एक नावं पडद्यावर आली. यल्लाप्पा चष्मा कपाळावर ढकलून वाचू लागला. एकेका नावाला तानाबाईनं खडूनं भिंतीवर रेघ ओढली. माळावर राहायला जाताना भांडी अशीच मोजली होती तिनं. रेघा नऊ झाल्या.

"नऊ हायत," तिनं फोनवर सांगितलं.

"नऊच," निशा म्हणाली. "आता बावीसमधी शिरायचं आनि नऊ नावं एकेक करून मागायची."

एकेक अक्षर यल्लाप्पा सांगणार, निशा त्याचा आकार सांगणार, तानाबाई दाबणार. मधेच पलीकडं बाळ रडलं, शालूबाई म्हणाली "झालं का न्हाय अजून", मधेच एका अक्षराच्या जागी दोन पडली आणि सगळी ओळ पुसून परत लिहावी लागली. तानाबाईच्या बोटाचं पेर दुखायला लागलं. पण प्रत्येक सामान बसलं की पडद्यावर तसं यायचं, आणि ती भिंतीजवळ जाऊन त्या रेघेवर आडवी काट मारायची. पाच काटा झाल्या. सात झाल्या. आठ झाल्या.

नववीला पडदा अडला.

तोवर कमिटीतल्या बायका यायला लागल्या होत्या. सोनूबाई आल्या आल्या दारातच थांबली, कारण अध्यक्ष कॉम्प्युटरवर बसलेली तिनं आजवर बघितलेली नव्हती. मागोमाग संग्रामही आला, हातात छापील कागद.

"काय म्हनतंय?" तानाबाईनं विचारलं.

यल्लाप्पानं वाचलं, मग परत वाचलं. "एस, ए, एस, यू. तानाक्का, ते म्हनतंय सासू सापडत न्हाय."

सोनूबाईनं पदर तोंडाला लावला.

"निशा," तानाबाई म्हणाली. "हे कुठलं सामान म्हनायचं?"

"आत्ती, ते मी घरी केल्यालं हाय," निशा हळू आवाजात म्हणाली. "तुमचा आवाज भरल्याला हाय त्यात. कुठल्या पायरीला काय बोलायचं, सगळं. नाव द्यायला लागतंय कायतरी, म्हनून."

"बराबर दिलंयस. सासू दुकानात मिळत न्हाय. मग आता?"

बायका हसायला लागल्या. निशाचा जीव भांड्यात पडला. "बाकीचं आठ बाहेरनं येतंय. हे आपल्याच कपाटात पडल्यालं हाय, ह्याच कॉम्प्युटरवर. ते मागायचं नस्तं, तिथं जाऊन बावीसला जोडून द्यायचं. पाच मिन्टं लागतील."

"पाच मिन्टं न्हाईत," संग्राम मधे पडला. "अकरा वाजलं. कमिटी बसली न्हवं? हे ऐका तरी." त्यानं आपला फोन वर धरला आणि ॲपचा आवाज लावला. गोड गळ्याची बाई बोलू लागली. "नदीच्या पाणीपातळीत वाढ होत असून नागरिकांनी आपल्या पशुधनासह सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, ही विनंती."

सोनूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "ह्या बाईच्या दावनीला म्हशी हायत का?"

"अहो, मशीन हाय ते."

"तेच म्हनतो. विनंती करतीया. म्हस काय विनंतीनं उठती?"

"आवाजात काय असतंय, आजी? माहिती पोचल्याशी मतलब," संग्राम म्हणाला. तो मुद्दाम बोलत होता असं नाही, तो खरंच तसं समजत होता. "आनि उद्या पानी वाढलं आनि ह्यांचं ते जुनं चाललंच न्हाय, तर गाव कुनाला धरनार? तुम्हाला धरनार, अध्यक्षबाई."

बायका तानाबाईकडं बघू लागल्या. हे मात्र खरं होतं, आणि तानाबाईला ते कालपासनं टोचत होतं. हाक गेली नाही आणि खालच्या गल्लीत एक जनावर जरी गेलं, तर लोक संग्रामच्या दारात जाणार नाहीत. तिच्या दारात येतील, आणि यायलाच पाहिजे.

"मला धरू दे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला धरायची सवय न्हाय ह्या गावाला, आनि मला लावायची न्हाय. तू बस त्या कॅनवर. निशा, सांग."

आणखी अकरा अक्षरं झाली. मोठं बटण दाबलं. लाल काही आलं नाही. भिंतीवरच्या नवव्या रेघेवर सोनूबाईनं उठून काट मारली.

"आता बगायचं कसं, चाललं का न्हाय?" तानाबाईनं विचारलं.

"चाचणी हाय. दोनच फोन लागत्यात त्यात. केरबाकाकांचा आनि यल्लाप्पामामांचा. मी ठेवतो फोन, पाचवी पायरी म्हनून पाठवा."

तानाबाईनं पाच दाबला आणि मांडीवर हात ठेवून बसली. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. संग्राम घड्याळ बघत होता. दहा मोजून झाले. वीस झाले.

यल्लाप्पाच्या खिशात फोन वाजला.

त्यानं तो सवयीनं कानाला लावला, आणि शांत खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. "ऐका. तानाबाई बोलतोय. पाचवी पायरी बुडाली. खालच्या गल्लीतली जनावरं आत्ता सोडायची. भांडी धुवत बसायचं न्हाय, च्या ठेवायचा न्हाय, नदी बगायला जायाचं न्हाय. यल्लाप्पा, तुला पयलं सांगतोय. मागल्या खेपंला तू शेवटी आलतास."

यल्लाप्पानं फोन खिशात टाकला, पायात चपला सरकवल्या आणि दारातनं निघालासुद्धा. तो अंगणात उतरून खालच्या गल्लीच्या वळणाला लागला, तेव्हा सोनूबाईनं मागनं हाक मारली. "अवो, चाचनी हाय ती. तानाक्का हितं बसलीया न्हवं तुमच्यासमोर."

तो वळला. कान लाल झाले होते. "कळतंय की मला," तो म्हणाला. "पर पाय उठलं."

एवढ्यात तानाबाईचा फोन वाजला. केरबा होता, नदीवरनं, वैतागलेला. "तानाक्का, पाचवी कुठली? मी घाटावरच उभा हाय. सातवी अजून कोरडी हाय. मी आकडा दाबल्याला न्हाय."

"ठाऊक हाय. तू सातवीवर डोळा ठेव."

तिनं फोन ठेवला आणि संग्रामकडं बघितलं. संग्रामनं हातातला कागद दुमडला, परत उलगडला. "म्हंजे यादी काढून परत बसवायचं असतंय हे," तो अर्धवट स्वतःशीच म्हणाला. "मी गठ्ठा उचलला तिथंच चुकलो."

"माझं पोरगंबी तिथंच चुकलतं," तानाबाई म्हणाली. "त्याच्या येळंला नुसती चूल फुटली. च्या पिलास का न्हाय अजून? सोनूबाई, ह्या पावण्याला च्या द्या. आनि लेका, जाताना सोळाकडं बगायचं न्हाय."

"आता तरी काढा की ते. नवं चाललं न्हवं?"

"चाचनी चालली. भाकरी अजून भाजली न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पाचवी पायरी खरीच बुडाली. केरबानं आकडा दाबला. तानाबाई तेव्हा संस्थेच्या दारात उभी होती, डोक्याला मुंडासं बांधल्यासारखा पदर गच्च आवळून. आधी जवळच्या दोन घरांत फोन वाजले, मग पलीकडच्या ओळीत, मग सगळ्या गावात, आणि उघड्या खिडक्यांतनं तिचाच आवाज तिच्याकडं येऊ लागला, तीनशे बारा ठिकाणांहून, जरा पुढं-मागं. सगळीकडं ती भांडी धुवत बसू नका म्हणत होती. दावणी सुटू लागल्या. सगळ्यात पुढं यल्लाप्पाच्या दोन म्हशी होत्या, आणि त्यांच्या मागं यल्लाप्पा, इकडं तिकडं न बघता.

पाऊण तासात खालची गल्ली रिकामी झाली. माळावर शेवटचं रेडकू पोचलं तेव्हा सोनूबाईनं तीनदा मोजून सांगितलं, की सगळी आली. तानाबाई एकदा स्वतः मोजून आली. मग संस्थेच्या खोलीत परतली, खुर्चीत बसली आणि स्वतःच फोन लावला.

"विहीणबाई, निशाला द्या. दोन मिन्टं."

"आज काय नवीन?" शालूबाई म्हणाली.

"काय न्हाय. तुमच्या पोरीनं एक गाव हलवलं, डोळं मिटून. एवढंच."

शालूबाईनं फोन दिला. जनावरं वर पोचली हे निशानं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आत्ती, आता सोळा काढलं तरी चालंल. उगं जागा अडवून बसलंय."

तानाबाईनं भिंतीवरच्या नऊ काटांकडं बघितलं. बाहेर माळाकडनं म्हशींचं रेकणं ऐकू येत होतं. भाकरी भाजून झाली होती, आता जुन्या घराचं काय ते करायला हरकत नव्हती. तिनं कळफलक पुढ्यात ओढला आणि बोट पदराला पुसलं.

"काढतो. मीच काढतो. सांग."

"आधी एन दाबा. दोन खांब, मधी..."

"एन सांगू नगंस," तानाबाई म्हणाली आणि न शोधता बोट ठेवलं. "एन येतोय मला. फुडचं सांग."